पोपटी झाली का?

चंदूची लेक नावाप्रमाणेच जिज्ञासा. "पप्पा, हे घेऊ? पप्पा, इथे ठेवू?" विचारल्याशिवाय कार्टी पाण्याचा ग्लास उचलायची नाही. चंदूला ते आवडायचं, खोटं कशाला बोला! पण जूनमध्ये ती होस्टेलला जाणार होती. तिकडे कोणाला विचारणार? चंदूच्या डोक्याला हा भुंगा लागला आणि त्याने ठरवलं, यंदाची पोपटी, म्हणजे शेतात मडक्यात शेंगा भाजायचा बेत, जिज्ञासाच लावणार. आपण तोंडातून ब्र काढायचा नाही.

थंडीतल्या एका रविवारी चंदू, बायको किर्ती आणि पोर मोरिवलीला, कंपन्यांच्या भिंतीमागच्या शेतात गेले. पोरीने मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घातला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरली, मीठ-ओवा टाकला, तोंड पाल्याने गच्च बंद केलं. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, लाकडं रचली आणि पेटवली. दर खेपेला ती बापाकडे बघायची. बाप आपला आभाळाकडे बघतोय!

"पप्पा, झाली का हो?" शेवटी तिने विचारलंच.

आली का पंचाईत! लवकर काढली तर शेंगा कच्च्या, उशीर केला तर आत कोळसा. आणि मध्येच उघडून बघायची सोय नाही. "तुझं तूच ठरव," म्हणत चंदू बांधामागे सटकला.

कारण गंमत अशी, की त्यालाही माहीत नव्हतं! चाळिशी आली, दरवर्षी पोपटी लावली, पण "काढ आता" म्हणायची ती त्याची आई मोतीबाई. यंदा गुडघ्यामुळे ती घरीच. त्याने हळूच फोन लावला. "आये, पोपटी झाली हे कसं कळतं गं?"

"मना काय इचारतंस? मडक्याला इचार!" म्हातारीने फोन ठेवला.

मडकं काय बोलणार, कप्पाळ! डोकं खाजवत चंदू परत आला, तर पोर हातात पाणी घेऊन मडक्यावर शिंपडत होती. चर्र! थेंब पडताक्षणी उडून गेले.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. मम्मी घावण्यांचा तवा असाच बघते ना? म्हटलं, मडक्यालाही विचारून बघू." मग बांधाकडे बघत ती गालात हसली. "आजी काय म्हणाली, पप्पा?"

चंदू कानापर्यंत लाल झाला. "हेच म्हणाली."

जिज्ञासाने "काढू का?" विचारलं नाही. काठीने निखारे सारले, मडकं आडवं केलं. फडकं घेऊन चंदू पुढे सरसावला आणि त्याच्याच तोंडून निघालं, "मी उचलू का गं?"

"थांबा पप्पा, गरम आहे अजून," पोर म्हणाली.