बिंताताईंनी राखलेला समुद्र

माननीय बिंता दाबो यांना मी प्रथम पाहिलं ते भाईंदरला आमच्या अंगणात. नव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षं. पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या छोट्या देशात त्या नुकत्याच खासदार झाल्या होत्या. आमच्या कोळी महिला मंडळात मी मासळी सुकवायला शिकवत असे. ते पाहायला त्या आल्या आणि हॉटेल सोडून आमच्याच घरी राहिल्या. त्यांना मांदेली साफ करताना पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "एवरी मोठी बाय हाय तू, हात कशाला घान करतंस?"

मी अर्थ सांगितला. बिंताताई हसून म्हणाल्या, "माझी आई बाजारात मासळीच विकते."

त्या निघायच्या सुमारास मासेमारीवरची पावसाळी बंदी सुरू झाली. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या पाहून त्यांनी खोदून खोदून विचारलं. विणीच्या दिवसांत मासळी धरायची नाही आणि तोवर सुक्या मासळीवर घर चालवायचं, ही आपली रीत त्यांनी मनात पक्की धरली.

काही वर्षांनी त्या मत्स्यव्यवसाय मंत्री झाल्या. त्यांनी तशीच बंदी जाहीर केली आणि किनारा पेटला. सुकवणीचं काम शिकवायला त्यांनी मला बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. बंदोबस्त बाहेर ठेवून त्या मासळीबाजारात गेल्या आणि एकट्याच चिडलेल्या बायकांसमोर जमिनीवर बसल्या. सगळ्यांत पुढे त्यांची आईच उभी होती. मी कडेला उभी होते; माझ्या शेजारची तिथली एक अधिकारी मला अर्थ सांगत होती.

"मंत्री झालीस म्हणून आमची चूल विझवतेस?"

"आई, अंड्यांवर आलेली मासळी विकून आपण पुढच्या वर्षाचा घास आजच खातोय."

"आणि तोवर?"

बिंताताई म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. आधी सुकवणीचे ओटे आणि गोदाम. ते झाल्याशिवाय बंदी नाही." पक्षातले लोक चिडले, पण त्यांनी शब्द पाळला. ओटे झाले, गोदाम भरलं, मगच बंदी आली.

तरीही पुढच्या निवडणुकीत त्या हरल्या. नव्या मंत्र्यांनी बंदी उठवायचं ठरवलं, तेव्हा बाजारातल्या बायकांनीच त्यांची वाट अडवली. म्हणाल्या, "आता कुठे जाळ्यात मोठी मासळी येतेय. बंदी राहील." त्यांच्यातही आईच पुढे होती! हे फोनवर सांगताना बिंताताई हसत होत्या. बायकांनी वाट अडवली त्याच संध्याकाळी आई त्यांना म्हणाली होती, "खुर्ची गेली ना? मग ये, माझ्याजवळ बस."

आज बिंताताई साठीत प्रवेश करताहेत, म्हणून आमच्या मंडळाने हा गौरवग्रंथ काढला आहे. आमच्या अंगणात बसून गेलेल्या बाईंनी एक किनारा सांभाळला, याचा आम्हाला मनापासून अभिमान वाटतो. बिंताताई, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. आईच्या शेजारची जागा फार फार वर्षं तुमचीच राहो.