बरणीतला बाप

ऐंशीच्या दशकात मी आरमोरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. अंधश्रद्धेवर फार जोरात बोलायचो. आवाज मोठा ठेवला की ज्ञान कमी असलेलं कळत नाही. एकदा प्रयोगशाळेसाठी नमुन्यांची पेटी आली. तिच्यातल्या एका बरणीत, फॉर्मलिनमध्ये, समुद्रघोडा उभा तरंगत होता. वीतभर लांब, पोट टम्म फुगलेलं. चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘नर’. मी हसलो आणि लाल शाईनं ‘नर’ खोडून ‘मादी’ लिहिलं.

महिनाभरानं एक पुस्तक चाळताना कळलं, यांच्यात मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी सोडून मोकळी होते. वाढवायचं त्यानं, कळा द्यायच्या त्यानं, जन्म द्यायचा त्यानं. मी मुकाट्यानं ‘मादी’ खोडलं.

बायको तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती, भामरागडला. नद्या चढल्या, रस्ता तुटला. दिवस भरून गेले तरी पत्र नाही, निरोप नाही. मला जेवण जात नव्हतं, तरी पोट मात्र फुगत चाललं होतं. बरणीसमोरून गेलं की वाटे, त्याचा एक डोळा माझ्या पोटावर आहे.

एके दिवशी शाळेच्या म्हाताऱ्या शिपायानं हटकलं, “गुरुजी, घरची कुलपं उघडली काय?”

“काऊन भाऊ?”

“बाई बाळंत व्हाची असली का घरात काई बांधून, झाकून ठेवत नाई. मोकळं व्हाले पायजे ना तिले. तुमाले नाई पटत म्हना.”

“नाईच पटत,” मी म्हणालो. घरी गेलो आणि कुलपं काढली, दोरीच्या गाठी सोडल्या, डबे उघडले. साखरेला मुंग्या लागल्या, दूध मांजरानं संपवलं. पायजम्याची नाडी तेवढी बांधलेली ठेवली. विज्ञानाची अब्रू तिथंच राखली.

दुसऱ्या दिवशी दुपारीच आभाळ काळं झालं. प्रयोगशाळेच्या दारातून शिपायानं बरणीकडे बोट केलं.

“हे राह्यलं ना, गुरुजी.”

“मेलेला आहे तो, भाऊ.”

“पोट तं हाये ना त्याले.”

मी झाकणाभोवतालचं मेण खरवडलं. झाकण निघालं तसा उग्र वास डोळ्यांत गेला. आधी काहीच झालं नाही. मग पोटावरची चीर हळूच उघडली आणि जिऱ्याएवढं काहीतरी बाहेर आलं. मागून दुसरं. मग थांबेचनात. शेपट्या वळलेले इवलेसे घोडे, बापाभोवती उभे, अगदी स्तब्ध. झाकण ओढताना हिसका बसून जुनी कातडी फाटली असेल, असं मी नंतर स्वतःला समजावलं. तेव्हा मात्र माझ्या पोटातून एक कळ गेली आणि मी टेबल धरून खाली बसलो.

“सुटला बिचारा,” शिपाई म्हणाला.

आठ दिवसांनी रस्ता उघडला. भामरागडला पोचलो तर सासूबाई दारातच भेटल्या. “पोरगी झाली, जावईबापू. दोन दिवस अडली होती, आम्ही तं आशाच सोडली. मंग दुपारी एकाएकी सुटली. वार होता...”

“नदीला पाणी किती होतं हो इकडं?” मी घाईनं विचारलं.

आज पोरगी मोठी झाली आहे. तिचा वार, तिची वेळ घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला कोणी सांगू लागलं की मी उठून बाहेर जातो.