निशाणी नांगर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती हे न कळताच गेली. देवापुढे रोज बसतो, पण तिथेही या गोष्टीच्या अलीकडेच थांबतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा हल्ली लेखणी धरताना हात कापतो, पुढच्या वर्षी एवढं लिहिता येईल की नाही कोण जाणे — म्हणूनही असेल.

मी दस्त लिहिणारा माणूस. कल्याणच्या कचेरीबाहेर वीस वर्षं बसलो, पुढे ठाण्याला जिल्हा कोर्टाबाहेर. खरेदीखत, भाडेपट्टा, वाटणीपत्र, मृत्युपत्र — माझं अक्षर पाहून साहेबाचा शिरस्तेदार मान डोलवायचा. ज्याला सही येत नाही त्याची निशाणी मी काढायची. शेतकऱ्याचा नांगर, बाईची बांगडी. तो माणूस माझ्या लेखणीला नुसता हात लावतो, मी कागदावर छोटा नांगर काढतो आणि शेजारी लिहितो — ‘निशाणी नांगर, दस्तुर दामोदर’ — म्हणजे खूण त्याची, हात माझा. त्यानं हात लावला म्हणजे कागदातला शब्द न् शब्द त्याचा झाला. आणि नाही लावला तर?

गोमा डोंबिवलीच्या खाडीकाठचा आगरी. भावापासून वेगळा झाला, त्यानंतर खाजणात, खाडीच्या खाऱ्या दलदलीत, स्वतः बांध घालून त्यानं मिठागर उभं केलं. पहिली बायको बाळंतपणात गेली. दुसरी मंजुळा, त्याच्याहून बरीच लहान. मूलबाळ नाही. दोघं सकाळपासून उन्हात मीठ ओढायची. दोघांचीही पावलं मिठानं चिरलेली असायची. एकदा तो मला विचारायला आला होता, माझ्यामागं हिचं काय? मी म्हणालो, तू विभक्त आहेस, मुलगा नाही, ती जिवंत असेतो सगळं कायद्यानंच तिच्याकडे जातं, कागद कशाला करतोस? तो खूश होऊन गेला. कागद करून घेतला असता तर — पण ते राहू द्या.

गोमा तापानं अंथरुणाला खिळला तेव्हा त्याच्या भावाचा मुलगा हिरू मला बोलवायला आला. काकाला मृत्युपत्र करायचंय म्हणाला. मी गेलो. भर दुपार होती. घराच्या पडवीत हिरूचा मेहुणा बसला होता, आणि मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आतून कोणी तरी दार बडवत होतं. मी विचारलं, आत कोण? हिरू म्हणाला, “काकी. लय रडते. काकाला तरास होतो.”

मला तिथंच कळलं होतं. मी परत फिरू शकलो असतो — निदान तेव्हा.

हिरूनं मजकूर सांगितला. सांगितला कसला, एका वाक्यात सगळं: मिठागर आणि घर हिरूला. गोमा खाटेवर होता. तापानं डोळे खोल गेलेले, पण शुद्ध पुरती होती. त्यानं मान हलवली. “नाय,” म्हणाला. “मंजुळाचा हाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “भटजी, तुमीच सांगलंव ना मना?”

मी खाली कागदाकडे बघितलं.

हिरूनं त्याचा उजवा हात ओढून माझ्या लेखणीकडे आणला. गोमानं मूठ आवळली. कोपऱ्यात मीठ ओढायचं फावडं होतं. त्याच्या दांड्यानं हिरूनं त्या मुठीवर मारलं. एकदा. मग पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला — वाळकी काटकी मोडावी तसा, अगदी साधा. गोमा ओरडला, तशी आतली दारावर अंग टाकून धडका देऊ लागली. गोमा हिरूच्या तोंडावर थुंकला. हिरूनं दांडा त्याच्या गळ्यावर आडवा धरला आणि वर गुडघा रोवला. मेहुण्यानं पाय धरले. गोमाचे पाय — ते चिरलेले पाय — खाटेच्या सुंभात अडकून झटके देत होते. मी भिंतीला टेकून उभा होतो. हातात लेखणी होती. मी काही बोललो नाही. “अरे” एवढंसुद्धा नाही.

पाय थांबले. हिरू धापा टाकत माझ्याकडे वळला. तो दांडा त्यानं माझ्या छातीला लावला आणि म्हणाला, “भटा, लिव.”

मी लिहिलं. हात लावायला कोणी नव्हतं, तरी नांगर काढला. इतका सुबक नांगर, की पुढे कोर्टात साहेबानं तो निरखून पाहिला.

भीती होती, असं तुम्ही म्हणाल. होती. पण मृत्युपत्रात हिरूनं न सांगितलेलं एक वाक्य आहे. विभक्त माणूस बायकोला टाकून पुतण्याला सगळं देतो, तर कोर्ट विचारणार — का? कागद टिकायचा तर कारण हवं. हे हिरूला कुठून सुचणार? मला सुचलं. प्रेत शेजारी असताना, शाई वाळायच्या आत, मी लिहिलं: ‘माझी पत्नी मंजुळा ही दुर्वर्तनी असून तिने परपुरुषाशी संबंध ठेविला, सबब तिला माझ्या मिळकतीत काही एक हक्क नाही. हे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेविले असे.’ हे वाक्य कोणी माझ्याकडून दांडा लावून लिहवून घेतलं नाही. ते माझं. लिहिल्यावर मी ते एकदा वाचून पाहिलं, आणि — हे सांगायलाच हवं — ते मला जमलेलं वाटलं.

संध्याकाळच्या आत गोमाला जाळला. गावचा पोलीस पाटील हिरूचाच नातलग. मंजुळाला बाहेर काढलं ते तोंडावर घोंगडं टाकून काढलं. प्रेताचा मोडलेला हात मात्र तिनं घोंगड्याखालून पाहिला होता.

हिरूनं ठाण्याला प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवून घ्यायला, अर्ज केला. मंजुळानं हरकत घेतली. मला साक्षीला बोलावलं. कोर्टात हिरूच्या हातात फावडं नव्हतं. दाराशी शिपाई उभे होते, समोर गोरा साहेब, मध्ये दुभाषी. एक वाक्य बोललो असतो तर हिरू तिथल्या तिथं पकडला गेला असता. मीही गेलो असतो, खोटा दस्त केला म्हणून. मी देवाची शपथ घेतली आणि सांगितलं: गोमा शुद्धीवर होता, मजकूर त्यानं आपल्या तोंडानं सांगितला, त्यानं लेखणीला हात लावला. मंजुळाच्या वकिलानं विचारलं, बोटं मोडलेली होती त्याचं काय? मी क्षणभरही थांबलो नाही. “दोन दिवसांपूर्वी खाटेवरून पडलो, असं तेच मला म्हणाले.” इतकं सहज! साहेबानं लिहून घेतलं.

माझं ते वाक्य भरकोर्टात वाचून दाखवलं तेव्हा मंजुळा उभी होती. तिनं हिरूकडे बघितलं नाही. दुभाष्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

मृत्युपत्र खरं ठरलं. ताबा द्यायला बेलीफ गेला, पंचनामा लिहायला मी गेलो. मंजुळा उंबऱ्याला धरून बसली होती. बेलीफ दारातून बाजूला झाला, तसा हिरूनं तिला केसांना धरून ओढली. घरापासून बांधापर्यंत, आणि बांधावरून मिठाच्या राशींवरून. गुडघे सोलले, त्यात मीठ गेलं. ती किंचाळत होती आणि गावातल्या बाया — ज्यांच्याबरोबर तिनं वर्षानुवर्षं मीठ वाहिलं — त्या ओरडत होत्या, “नवऱ्यानं लिवून ठेवलाय तुझा!” एकीनं दगड मारला. कपाळ फुटलं. मी पंचनाम्यात लिहिलं: ‘ताबा शांतपणे दिला.’

पुढच्याच उन्हाळ्यात तिनं हिरूला मारला. तो बांधाच्या उघाडीशी वाकून, भरतीचं पाणी आत घ्यायची फळी उचलत होता. तिनं मागून कोयता घातला — मानेवर, मग खांद्यावर, मग जिथं लागेल तिथं. पाणी आत येत होतं ते लाल होऊन मिठाच्या खाचरांत पसरलं म्हणतात. ती पळाली नाही. पोलीस येईतो तिथंच बसून होती.

तिच्या बाजूचा वकील तरुण होता. माझ्याकडे आला. “त्या दिवशी तुम्ही घरात होतात. तिच्या नवऱ्याला यानंच मारलं असं ती म्हणते. तुम्ही काही पाहिलंत? नुसतं एवढं सिद्ध झालं तरी साहेब दया दाखवेल.” मी म्हणालो, “मी काही पाहिलं नाही.” खटल्याच्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसलो. का गेलो? ती माझं नाव घेते का ते ऐकायला. तिनं घेतलं नाही. तिला वाटत होतं, मी कागद लिहून आधीच निघून गेलो असेन. दार बंद होतं ना तिचं.

जन्मठेप झाली. काळं पाणी.

तिला नेताना शिपायांनी कोर्टाच्या आवारात विहिरीपाशी बसवली. हातांत बेड्या. मी दप्तर काखेत मारून जात होतो. तिनं हाक मारली.

“भटजी.”

मी थांबलो. तिच्या कपाळावर दगडाची खूण होती. ती रागावलेली नव्हती. हिरूबद्दल काही विचारलं नाही, शिक्षेबद्दल नाही. म्हणाली, “एक खरा सांगा. मी आता परत नाय येयाची. त्या कागदातला — माझ्याबद्दलचा — ते त्यांनी सांगलान का? त्यांच्या तोंडानं?”

आता तुम्हीच बघा. हिरू मेला होता. मेहुणा आगबोटीवर खलाशी होऊन कुठं तरी परागंदा झाला होता. शिपाई तंबाखू मळत होता, त्याचं लक्षही नव्हतं. हळूच नुसती मान हलवली असती तरी तिला कळलं असतं. कोणाला भ्यायचं होतं मी?

“हो,” मी म्हणालो. “त्यांनीच सांगितलं.”

 तिनं खाली, आपल्या बेडीतल्या हातांकडे बघितलं.

“मंग मी कोणासाठी मारला त्याला?” ती म्हणाली.

शिपायानं तिला उठवलं. ती दोनदा अडखळली, मग चालू लागली. मी घरी आलो. पान वाढलेलं होतं. हातपाय धुतले आणि जेवलो.