शिडीवरचं कुंकू

विमलताई पहिल्यांदा आमदार झाल्या, त्या दुसरं नाव कुणाला सुचेना म्हणून. यजमान चळवळीतले, छपन्न साली तापाचं निमित्त होऊन गेले आणि पुढच्याच वर्षी निवडणूक आली. दारव्ह्याच्या पुढाऱ्यांनी ठरवलं, विधवेला उभं करू, लोक हळहळतील, पुढचं आपण बघू. ताई निवडून आल्या आणि पुढचं स्वतःच बघू लागल्या. तेव्हा पुढाऱ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. विधानसभेत एकाच मागणीसाठी त्या इतक्यांदा उभ्या राहिल्या, की मंत्री कंटाळले आणि खेड्यापाड्यांत फिरणारी नर्सबाई एकदाची मंजूर झाली.

बासष्टला पुढाऱ्यांनी तिकीट कापलं. ताई अपक्ष उभ्या राहिल्या, निशाणी मिळाली शिडी. हाताशी माणूस म्हणाल तर सायकल दुकानवाले रहमतभाई, आणि गावोगावच्या बाया. समोरच्या उमेदवारानं भर सभेत सांगून टाकलं होतं, मी आलो की नर्सबाईची बदली माझ्या गावी. ताईंना आमदारकीपेक्षा तोच घोर लागला होता.

मागच्या खेपेला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. बायांनी ताईंच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं होतं आणि कागद आत टाकला होता. या वेळी पेटी सगळ्यांची एकच, आणि कागदावर निशाणीपाशी शिक्का मारायचा. ताईंनी हे सभांमधून सांगितलं खरं, पण घाईघाईत. बाया माना डोलवत होत्या, तेवढ्यावर त्या निश्चिंत राहिल्या.

मतमोजणीच्या दिवशी बाद मतांचा गठ्ठा वाढतच गेला. ताई वाकून पाहू लागल्या. शिडीच्या चित्रावर कुंकवाचं बोट. पुढच्या कागदावरही तेच, त्याच्या पुढच्यावरही. शिक्का कुठेच नाही. जागा थोडक्यात गेली.

"ताई, आपल्याच बायाईनं डुबवलं आपल्याले," रहमतभाई कपाळाला हात लावून म्हणाले. ताई त्यांच्यावर पहिल्यांदाच चिडल्या.

दोन दिवसांनी मैनाबाई भेटायला आली. तिच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण नर्सबाईनं सोडवलं होतं. उन्हाळ्यात जिल्हा परिषदेची निवडणूक होती. बायांना चूक सांगणं भाग होतं. ताई सांगणार, तोच मैनाबाई बोलू लागली.

"तुमच्या कपायाले त आता कोनाले कुकू लावता येत नाही, ताई. रिवाज हाय, काय करता? म्हनून म्या घरून चिमूटभर नेलं अन् तुमच्या शिडीले लावलं. बाकीच्या बायाईले बी तसंच सांगतलं. तरी काहून पडल्या तुमी?"

तरी ताईंनी सांगितलं. शिक्का नसलेलं मत धरत नाहीत.

"मंग माहं मत कोनाले गेलं?"

"कोनालेच नाही."

"असं कसं? म्या त तुमालेच देलं."

"मले माहीत हाय, मैनाबाई. म्या पाह्यलं थे."

मैनाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "अन् आपली नर्सबाई?"

यजमान गेल्यापासून चारचौघांत कधी डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या विमलताई तिचा हात धरून रडल्या.