अर्धं दाबायचं, मग हसवायचं

सव्वीस वर्षं ती लोकांना दात देत आली होती, पण त्या दातांनी कुणाला हसताना मात्र तिने पाहिलं नव्हतं. दवाखान्यात पुढे डॉक्टरांची खुर्ची, मागे तिची खोली, मधल्या भिंतीत वहीएवढी खिडकी. त्या खिडकीतून डॉक्टर प्लास्टरचा साचा आणि एक चिठ्ठी आत सरकवायचे. ‘वरची-खालची पूर्ण. बाई. वय अडुसष्ट. रंग तीन नंबर.’ बस्स. बाई बडबडी की घुमी, कुणाला टोमणे मारणारी की कुणाचे ऐकून घेणारी, यातलं काही चिठ्ठीत नसायचं. ही साच्यावर मेण चढवायची, मेणात चिमट्याने एकेक दात रोवायची, पट्टी लावून रांग सरळ आहे ना ते बघायची, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी पक्की करून ती कवळी मोटरच्या ब्रशवर अशी घासायची की काचेने लाजावं. खिडकीतून परत सरकवली की पलीकडून डॉक्टरांचा ‘छान’ एवढा एक शब्द यायचा. म्हणजे कवळी बसली.

सगळे तिला लॅबताई म्हणत. वय पंचावन्न, अंगाने ठेंगणी, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. हसू आलं की तोंडाआधी तिचे खांदे हलायचे.

एका रविवारी ती नणंदेकडे गेली होती. नणंदेने कपाट आवरायला काढलं होतं आणि पलंगावर नको असलेल्या वस्तूंचा ढीग पडला होता. त्यातून तिने एक काळा कॅमेरा उचलला. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढा. पुढचं झाकण बाजूला सरकवलं की आत भिंग दिसायचं आणि कॅमेरा ‘झीं’ करून जागा व्हायचा.

“वहिनी, हा तुम्ही घेऊन जा. नाही तर भंगारात देणार आहे मी,” नणंद म्हणाली.

“वन्सं, मला काय कळतंय यातलं?”

“कळायचंय काय त्यात? बघायचं आणि दाबायचं. रीळ घालावं लागतं तेवढं.”

घरी येईपर्यंत लॅबताईने झाकण वीस वेळा तरी उघडलं आणि बंद केलं असेल. बसमध्ये शेजारचा माणूस जागा बदलून पलीकडे जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तिने कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओतून छत्तिसाचं रीळ आणलं. स्टुडिओवाले काका म्हणाले, “द्या इकडे, मी घालून देतो.” पण सव्वीस वर्षं चिमट्याने दात रोवलेल्या बाईला एवढंसं रीळ घालता येऊ नये? “मला जमेल,” ती तोऱ्यात म्हणाली. आपल्या टेबलाशी बसून तिने मागचं झाकण उघडलं, डबी खाचेत बसवली, फिल्मची जीभ ओढून दुसऱ्या टोकाशी ठेवली आणि झाकण टचकन लावलं. कॅमेऱ्याने जरा घरघर केली. वरच्या छोट्या खिडकीत शून्य लुकलुकायला लागलं. लुकलुकतंय म्हणजे चालू आहे, असं ती धरून चालली.

मग ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

“डॉक्टर, कवळी बसवून झाली की पेशंटला दोन मिनिटं माझ्याकडे पाठवाल? फोटो काढायचाय.”

डॉक्टर कडक माणूस. हातमोजे काढतानासुद्धा त्यांच्या कपाळाला आठी असायची. “फोटो? कशासाठी?”

“माझे दात जातात कुठे ते बघायचंय.”

डॉक्टरांनी हातमोजे टोपलीत टाकले. “दोन मिनिटं,” ते म्हणाले. “आणि पेशंटला त्रास नको.”

पहिले आले ते निवृत्त मुख्याध्यापक. स्टुलावर असे ताठ बसले की जणू आता हजेरी होणार.

“हसा सर,” लॅबताई म्हणाली.

“कशाबद्दल?” सरांनी विचारलं.

ती गडबडली. कॅमेरा डोळ्याला लावला, काही दिसेना, म्हणून जवळ घेऊन बघितला आणि बघता बघता बटण दाबलं. तिने कॅमेरा उलटा धरला होता. फ्लॅश थेट तिच्याच डोळ्यांत. “आई गं!” करत ती मागे सरकली, ढुंगणाने मेणाचा डबा पाडला आणि हवेत हात चाचपत म्हणाली, “सर, तुम्ही आहात ना अजून? मला सगळीकडे हिरवं दिसतंय!”

सरांच्या घशातून आधी एक विचित्र आवाज आला. मग ते जे हसायला लागले ते थांबेचनात. नवी कवळी बाहेर यायला लागली तेव्हा त्यांनी ती हाताने आत दाबली आणि तशीच दाबून धरून हसत राहिले. भिंतीतल्या खिडकीत डॉक्टरांचा चेहरा आला, सगळं बघून निघून गेला. लॅबताईने कॅमेरा सुलटा केला आणि धडाधड चार फोटो काढले.

त्या दिवसापासून तिला वेडच लागलं. येईल त्याचा फोटो. भाजीवाली, पोस्टमन, कंडक्टर, वरच्या मजल्यावरचे वकील, सगळ्यांना ती “दात दाखवा” म्हणायची आणि लोक घाबरून का होईना, दाखवायचे. तीन आठवडे हे चाललं, आणि गंमत म्हणजे रीळ काही संपेना.

“सत्तर फोटो झाले असतील आत्तापर्यंत!” तिने जेवताना नवऱ्याला सांगितलं.

नवरा शाळेची बस चालवायचा, आकड्यांत त्याला गती होती. “छत्तिसाचं रीळ आणलं होतंस ना?”

“हो.”

“मग सत्तर कसे?”

“रीळ चांगलं मिळालंय आपल्याला!” ती म्हणाली आणि लगेच त्याचाही एक काढला, तोंडात घास असताना.

शेवटी राहवेना म्हणून ती कॅमेरा घेऊन स्टुडिओत गेली. काकांनी तो उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत घातला, पिशवीत हात घालून काहीतरी चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हात बाहेर काढले.

“ताई, तुमचं रीळ जागचं हललेलंच नाही. जीभ आत अडकलीच नव्हती. हे कोरं आहे.”

“सगळं?”

“सगळं.”

लॅबताईने तोंडावर हात घेतला. वकील, कंडक्टर, मुख्याध्यापक, घास घेतलेला नवरा, सगळे तिच्या डोळ्यांसमोरून गेले. तीन आठवडे तिने अख्ख्या गल्लीला दात काढायला लावले होते, रिकाम्या डबीसमोर! तिचे खांदे हलायला लागले. काकांना वाटलं बाई रडतायत. त्यांनी घाईघाईने खुर्ची पुढे केली. “अहो, असू द्या, होतं असं...” तोवर तिच्या तोंडातून हसू फुटलं आणि ती खुर्चीत बसण्याऐवजी खुर्चीला धरून खाली बसली. मग काकाही काउंटरवर डोकं टेकून हसायला लागले. फोटो न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दारातूनच परत फिरलं.

डोळे पुसून झाल्यावर काकांनी तिला सगळं नीट शिकवलं. फिल्मची जीभ लाल खुणेपर्यंत ओढायची, सैल ठेवायची नाही. झाकण लावलं की मोटर फिरली पाहिजे आणि आकडा एकावर आला पाहिजे. “आणि बटण एका दमात दाबू नका. आधी अर्धं दाबायचं. डोळ्याशी हिरवा दिवा स्थिर झाला की कॅमेऱ्याला माणूस दिसला. मग पूर्ण. आणि दोन हातांच्या आत जायचं नाही, सगळं धूसर येतं. तुम्ही किती जवळ जात होता?”

“दाढा दिसेपर्यंत.”

“मागे उभ्या राहा,” काका म्हणाले.

या वेळी आकडा एकावर आला तेव्हा ती स्टुडिओतच टाळ्या वाजवून मोकळी झाली. ‘कवळी तपासायची आहे’ असा निरोप धाडून तिने आधीच्या पेशंटना एकेक करून बोलावून घेतलं.

मुख्याध्यापक स्टुलावर बसले. “पुन्हा मागच्यासारखं हसायचं?” त्यांनी गंभीरपणे विचारलं.

तिने खरं काय ते सांगून टाकलं. रीळ, शून्य, सत्तर फोटो, काळी पिशवी, सगळं. आणि सांगता सांगता बटण अर्धं दाबून धरलं. “म्हणजे मी,” सर म्हणाले, “कवळी हातात धरून... कोऱ्या रिळासमोर...” हिरवा दिवा स्थिर होता. तिने पूर्ण दाबलं.

पुढे तिने सगळ्यांना हीच गोष्ट सांगितली आणि सगळे हसले. दर वेळी ती गोष्ट थोडी वाढतही गेली. शेवटच्या पेशंटपर्यंत सत्तरचे दोनशे झाले होते.

छत्तीस फोटो धुऊन आले. पाचांत तिचं बोट आलं होतं. नऊ जणांची डोकी कपाळापासून वर उडाली होती, कारण बघायची खिडकी भिंगाच्या वर असते हे ती विसरली होती. पण तोंडं होती. तिने जेवणाच्या टेबलावर सगळे फोटो मांडले आणि नवऱ्याला हाक मारली.

तो चहाचा कप घेऊन आला, वाकून बघत राहिला. “हे सगळे एका घरातले आहेत का गं?”

“छे. का?”

“सख्खी भावंडं वाटतायत.”

तिने चष्मा वर सरकवला आणि पुन्हा बघितलं. खरंच की! पोस्टाच्या साहेबीणबाई, मुख्याध्यापक, जाडजूड गवंडी, सगळ्यांच्या तोंडात एकच हसू. पट्टी लावून आखलेलं, सरळ, पांढरं. आपल्याच हातचं हसू तिने सगळ्यांना वाटून टाकलं होतं. ती एकेक फोटो उलटा घालायला लागली, तेव्हा नवऱ्याने आपला चहा तिच्यासमोर ठेवला.

सकाळी ती डॉक्टरांकडे गेली. “यापुढे पेशंटना जुना फोटो आणायला सांगा. स्वतःचे दात असतानाचा. हसतानाचा.”

“चिठ्ठीवर आता हेही लिहू?” डॉक्टरांची आठी आणखी घट्ट झाली. पण त्यांनी लिहिलं.

पहिला फोटो घेऊन एक आजी आल्या, सोबत आजोबा. फोटोत आजी विशीच्या होत्या, सायकलला टेकून हसत होत्या आणि वरचा एक दात शेजारच्या दातावर चढून बसला होता.

“हा मेला दात मला जन्मभर आवडला नाही,” आजी म्हणाल्या. “आता सगळे सरळ करा.”

“मला आवडायचा,” आजोबा म्हणाले.

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“नाही विचारलं. सांगतोय.”

“पन्नास वर्षांत कधी बोलला नाहीत ते!”

“तू हसताना हात लावायचीस तोंडाला. मग बोलायचं कसं?”

लॅबताई मध्ये पडली नाही. तिने मेणात दात रोवले आणि तो एक दात किंचित तिरका, शेजारच्यावर चढवून बसवला. मेणातली कवळी तोंडात घालून बघायला आजी आल्या, आरसा हातात घेतला आणि ओठ उघडले. बघतच राहिल्या. “अगं बाई,” त्या पुटपुटल्या, “ही तर मी!” आणि त्यांना असं हसू आलं की मेण मऊ पडेल म्हणून लॅबताई ओरडायला लागली, “आजी, हळू! मेण आहे ते, मेण!” त्याने आजी आणखीच हसल्या. आजोबा नुसते उभे होते. बायकोला चोरून बघताना पकडल्यासारखे लाल झाले होते. हिरवा दिवा, आणि पूर्ण.

“माझ्या दवाखान्यातून तिरका दात?” डॉक्टर म्हणाले. पण आजींनी तो दात गावभर मिरवला आणि लोकांची रीघ लागली. एकीला दातांवर जरा पिवळसर झाक हवी होती. गवंड्याला कोपरा उडालेला दात हवा होता, कारण तो कसा उडाला याची गोष्ट त्याला सांगायची असायची. आणि एके दुपारी मुख्याध्यापक आले, कवळी रुमालात गुंडाळून.

“माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती,” ते बोळक्या तोंडाने म्हणाले. “मुलं मला त्यावरून ‘दरवाजा’ म्हणायची. ती फट परत द्या.”

सगळ्या कवळीवाल्यांचा मिळून एक फोटो काढायची कल्पना खुद्द डॉक्टरांची. शनिवारी सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बावीस जण जमले. लॅबताईने स्टुलावर कॅमेरा ठेवला. त्यात आपोआप फोटो निघण्याची सोय होती: बटण दाबल्यावर दहा सेकंद लाल दिवा लुकलुकतो, तेवढ्यात धावत जाऊन उभं राहायचं. पहिल्या वेळी तिची चप्पल वाटेतच निघाली आणि ती चप्पल घ्यायला वळली. दुसऱ्या वेळी ती वेळेत पोचली, पण गवंडी शिंकला. तिसऱ्या वेळी ती पायऱ्यांवर इतक्या जोरात आली की थेट डॉक्टरांवर आदळली, डॉक्टर मुख्याध्यापकांवर, मुख्याध्यापक आजोबांवर. आजी किंचाळल्या, “कवळ्या सांभाळा!” कुठून तरी डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज आला. खणखणीत, गडगडाटी. असा आवाज त्यांच्यात आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. खटकन फ्लॅश पडला आणि लगेच कॅमेरा घरघरायला लागला. रीळ संपलं होतं, आपोआप गुंडाळलं जात होतं.

“बिघडला!” पोस्टाच्या बाई ओरडल्या.

“नाही हो, पोट भरलं त्याचं!” लॅबताई ओरडली, आणि ते बावीस जण पुन्हा एकदा पायऱ्यांवर कोसळले.

तो फोटो आता दवाखान्यात, वाट बघायच्या खोलीत लावलेला आहे. जरा हललेला आला आहे. सगळ्यांच्या मधोमध डॉक्टर आहेत, डोळे मिटलेले, तोंड घशापर्यंत उघडं. तो उतरवा म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं. पण दात काढायला आलेली घाबरीघुबरी माणसं त्यासमोर उभी राहतात, बोट दाखवून “हेच का डॉक्टर?” असं विचारतात आणि आत जाताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू असतं, म्हणून तिसऱ्यांदा काही ते बोलले नाहीत.