गाळाखालचा देवचार

सुमंगलाकाकींनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. त्यामुळे खालच्या वाड्यात तिशीच्या आतल्या कुणाचाच रुबाब त्यांच्यापुढे चालत नाही. पंच झालेला साईश भाषणाला उभा राहिला की त्या पहिल्या रांगेतून म्हणतात, "आदी नाक पूस." आणि साईश पुसतो.

पण गेली सात वर्षं हा दरारा एका ठिकाणी फिका पडत होता. ते ठिकाण म्हणजे मळा.

लाटंबार्शाकडून घाटी उतरताना तो डावीकडे दिसतो. दिसतो म्हणजे, दिसत नाही. सात वर्षांपूर्वी श्रावणात डोंगरावरच्या खाणीच्या मातीचा ढीग फुटला आणि वाडा जेवून उठेपर्यंत अख्खा मळा तांबड्या गाळाखाली गेला. माणूस एकही गेलं नाही. गेल्या त्या मेरा, शेतांचे बांध. एकेका मेरेवरून दोन-दोन पिढ्या बोलत नव्हत्या. ती भांडणंसुद्धा गाडली गेली. आणि मेरेवरून फिरून पीक राखणारा देवचार, त्याचा दगडही गेला. पुढे खाण बंद पडली, ट्रक दारात गंजले आणि वाडा सोसायटीच्या तांदळावर आला.

दुपारी वारा पडला की मळ्यातून काठी आपटल्याचा आवाज येतो, असं सगळे सांगत. देवचाराच्या काठीला घुंगरं असतात. पण आता ती वाजत नसत. नुसतं ठक्. मऊ, गोधडीखालून कुणी ठोकल्यासारखं.

"तो वर रवलो काय खाली, ह्याच कळणा नाय," शेजारची वत्सला म्हणायची. काकी तिला हसत. आणि दुपार झाली की मळ्याकडच्या खिडक्या, जनेलं, लावून घेत.

मळ्याच्या कडेचा गाळ काकींनी पाच फुटक्या बालद्यांत भरून अंगणात ठेवला होता. त्यात शेण घातलं, ताग पेरून कुजवला. दोन वर्षं बालद्यांनी काकींकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी तांबडी भाजी आली. शेतकी खात्याने तपासून ती खायला हरकत नाही म्हणून कळवलं. तरी पहिली जुडी साईशला घातली. "पंच आसस ना? मग आदी तू मर." साईश जगला.

मग काकींनी सभा घेतली. यंदा वायंगण, म्हणजे हिवाळ्यातलं भात, पेरायचं. इब्रामपूरच्या भावाने दोन गोणी बियाणं कबूल केलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी गेले. मळ्यात कुणीही उतरलं नाही. कारण वाड्याच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे सदाशिवआबा अजून 'उतरा' म्हणाले नव्हते.

काकी आबांच्या ओसरीवर गेल्या.

"आबा, तुमी सांगल्याबिगर कोण पाय घालणा नाय."

"देवचाराक तांदळाच्या भाकरीचो रोट दिल्याबिगर मी सांगूचंय नाय."

"मग देऊया रोट. तांदूळ मी हाडतंय."

"खंयचो? सोसायटीचो? अगो, तो देवचार. त्याका रेशनकार्ड नाय. त्याणा राखलेलो ह्याच मळ्याचो तांदूळ होयो."

"पाय घातल्याबिगर मळ्यात तांदूळ पिकतलो कसो?"

"ता माका विचारू नको. नियम काय मी करूक नाय."

काकी घरी आल्या. चुलीवर धुरात एक मुडी टांगलेली होती, पेंढ्यात बांधलेलं मळ्याचं शेवटचं भात. बाकीच्यांनी आपापल्या मुड्या पहिल्याच वर्षी सोलून खाल्ल्या होत्या. ही काकींच्या यजमानांनी, सगुणरावांनी, बांधलेली. मळा बुजला त्याच थंडीत ते वारले. मळा उठेल त्या दिवशी त्याचंच बी त्याला द्यायचं, म्हणून काकींनी ती जपली होती.

त्यांनी शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले. पाचव्या दिवशी फडकं सोडलं. तीन रुजले होते.

तीन म्हणजे अगदीच थोडे, असं दुसरा कुणी म्हणाला असता. काकींनी एका पावसाळ्यात तीन पोरांवर अंगणवाडी चालवली होती. मुडी पेरली तर त्यातून दहा वर्षांनी मळ्याचं भात पुन्हा उभं राहिलं असतं. पण रोटाला लागतं तेवढंच पीठ त्या मुडीत होतं. मुडी पेरली तर मळ्यात माणूस नाही. कांडली तर मळ्याचं बी नाही. ते तीन कोंब त्यांनी बालदीत लावले. दोन पिवळे पडले, तिसरा कोंबडीने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मुडी खाली घेतली. सगुणरावांची गाठ सुटेना. कोयतीने कापताना काकींनी तोंड फिरवलं.

भात व्हायनात, जमिनीतल्या उखळात, ओतून त्या कांडायला लागल्या. मुसळाचा ठोका पडला की मळ्यातून तसाच ठोका येई, मऊ. घुमत असेल, काकी स्वतःला म्हणाल्या. मग मुसळ वर धरून त्या थांबल्या. मळ्यात आणखी एक ठोका पडला.

काकींच्या मानेवर काटा आला. पण जन्म पोरांना खाऊ घालण्यात गेलेला. "थांब रे बाबा, करतंय," त्या जनेलाकडे बघून म्हणाल्या आणि कांडत राहिल्या.

रोट गाळाच्या कडेला ठेवला. दगड नेमका कुठे होता, ते आबांनाही आठवेना. "खंय पण ठेव. तेका वास येता," ते म्हणाले आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, सात वर्सां आमी इकतचा खाल्लां आणि तू उपाशी रवलंस..."

"व्हय म्हाराजा," सगळा वाडा म्हणाला. त्यात कुणाचा तरी आवाज फार खालून आल्यासारखा वाटला. मागे वळून कुणी पाहिलं नाही.

"उतरा," आबा म्हणाले.

पहिलं पाऊल काकींचं. मग वत्सला, मग साईश. घटकाभरात लागून शेतं असलेल्या प्रभावती आणि विनोदिनी समोरासमोर फावडी रोवून उभ्या.

"मेर हयसून जाय होती!"

"खोटा! तुज्या सासऱ्यान हातभर सरकयल्यान ती!"

"काकी, भांडण मोडा," साईश कुजबुजला.

"गप रव. दोन पिढ्यांनी ही दोन घरां बोलतत."

संध्याकाळपर्यंत त्या दोघींच्या मधोमध पहिली मेर उभी राहिली. वाकडी, ओली. परतायची सोपी वाट तिच्यावरूनच होती. पण "आदी तेका जावंदे," म्हणत काकींनी पदर खोचला आणि पोटरीभर चिखलातून लांबचा वळसा घेतला. प्रभावती त्यांच्यामागे गेली, विनोदिनी तिच्यामागे, मग सगळेच. पहिल्या दिवशी त्या मेरेवर कुणीच पाय ठेवला नाही.