लॅम्डाची कोरी जागा

मेलकावेरीच्या नागलक्ष्मीबाई गणित शिकल्या नव्हत्या, पण कुंभकोणमच्या प्राध्यापकांचे गणिताचे लेख टाइप करावेत तर त्यांनीच. यंत्रावर ग्रीक अक्षरे नसत. बाई तिथे मोजून जागा सोडत आणि मागाहून बारीक टाकाने चिन्ह भरत. प्रत्येक लेखासाठी वहीचे एक पान आखत. चिन्ह कोणते, अर्थ काय, तो कुठल्या पानावर सांगितला, आणि ते स्थिर की बदलते, हे सारे त्यात लिहीत.

१९५४ च्या जुलैत बाईंनी टाइप केलेला वैद्यनाथरावांचा लेख मासिकाकडून परत आला. वाळूच्या थरांतून पाणी कसे झिरपते, हा विषय. ‘मांडणी समजत नाही’, एवढाच शेरा. तरुण वैद्यनाथराव कॉलेजभर सांगत सुटले की टायपिंगने घात केला. ते ऐकून दोघा प्राध्यापकांनी आपले लेख बाईंकडून काढून नेले.

बाईंनी रावांचे हस्तलिखित मागवले. निरोप धाडला, “पुन्हा टाइप करते. चूक माझी निघाली तर हे काम सोडीन.”

चौथ्या दिवशी राव आले. सातव्या पानापासून लॅम्डा या ग्रीक अक्षराच्या साऱ्या जागा कोऱ्या.

“अक्का, शाई संपली काय?”

“शाई दौतभर आहे, सार. मागं तुमच्या घाईपायी न विचारताच भरला; पण लॅम्डा म्हणजे काय, ते तुम्ही कुठंच सांगितलं नाही.”

“वाचणाऱ्याला कळतं ते! तुम्ही टायपिस्ट की परीक्षक?”

“टायपिस्टच. म्हणून विचारते. एका ओळीत सांगा, आत्ता टाइप करते.”

“वाळू पाण्याला जो अडथळा करते, तो लॅम्डा. झालं?”

बाईंनी वहीत लिहिले. “स्थिर की बदलता?”

“स्थि...” राव थबकले. वरच्या थरात जाड वाळू, खाली बारीक. अडथळा थराथराला बदलणार. आणि त्यांनी तर सगळ्या थरांना एकच लॅम्डा धरून गणित सोडवले होते.

त्यांनी सातवे पान पुन्हा वाचले. मग म्हणाले, “अक्का, लेख माझाच चुकला.”

“ते मला सांगून काय उपयोग? जिथं माझं नाव घेतलंत, तिथं सांगा.”

राव तसेच उठून कॉलेजात गेले आणि सगळ्यांसमोर बोलले. पुढच्या आठवड्यात ते दोघे प्राध्यापक लेख घेऊन पुन्हा दारात आले. बाईंनी यंत्रावरचे झाकण काढले नाही.

“बसा,” त्या म्हणाल्या, “आधी चिन्हांचे अर्थ सांगा.”